उचलण्याचे गुण

कौन्सिलच्या तिसऱ्या मजल्यावर हीटर रुसलेला.
तिथे मी टाइप करत होते
कामांचं मोल ठरवणाऱ्या समितीसाठी.
चार पुरुष, एक बाई, बिस्किटांची बशी
आणि बावीस रकान्यांचा तक्ता.

सातवा रकाना: वजन उचलणे.
कचरागाडीवरचा माणूस. डबा पंचवीस किलो,
दिवसाला अडीचशे डबे. गुण पाच.
घरोघर जाऊन म्हाताऱ्यांचं करणारी बाई.
"ती उचलत नाही हो, आधार देते,"
कोणीतरी म्हणालं, बिस्कीट चहात बुडवत.
गुण दोन.
मी दोन टाइप केलं.

सेंगा गॅलाहर माझ्याच गल्लीतली.
ॲग्नेस उलटं वाचलं की सेंगा;
तिच्या आईला सासूचं नाव ठेवायचंही होतं
आणि ठेवायचं नव्हतंही.
पहाटे सहाला, क्लाइडवरचा वारा कान कापत असताना
ती तीन जिने चढायची
मिस्टर ड्रायझडेलना आंघोळ घालायला.
ब्याण्णव किलोंचा माणूस, जुना बोटबांधणीवाला.
टबातून निघताना तो तिच्या गळ्यात हात टाकायचा
आणि रोज माफी मागायचा.

डबा माफी मागत नाही.
डब्याला लाज वाटत नाही.
लाजेसाठी रकाना नव्हता.

तरी औषधांच्या जबाबदारीनं तिची बेरीज सावरली.
गाडीवाले आणि ह्या बाया, दोघेही श्रेणी तीन.
मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.
मग पगारपत्रकं हाताखालून गेली.
तिच्या नवऱ्याच्या, ह्यूईच्या चिठ्ठीवर एक जास्तीची ओळ:
हजेरी बोनस, पगाराच्या एकतृतीयांश.
वेळेवर कामावर आल्याबद्दल.
सेंगाच्या चिठ्ठीवर ती जागा कोरी.
ती वेळेवर येणारच, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं;
नाही आली तर म्हातारा ओल्या गादीत.

बोनसच्या करारावर सही युनियनचीच होती.
टॅम, आमचा प्रतिनिधी, चांगला माणूस,
पण सभासदांत डबेवाले जास्त.
"घाई नको," तो म्हणाला,
"त्यांचा बोनस गेला तर?"
समान वेतनाचा कायदा तेव्हा तिशी ओलांडून गेलेला.
लग्नातल्या चिनीमातीच्या भांड्यांसारखा
कपाटात मांडलेला, कोणी न वापरलेला.

शेवटी बाया टॅमला वगळून वकिलाकडे गेल्या.
मग टॅमही आला धावत, फॉर्मांचा गठ्ठा घेऊन.

न्यायाधिकरणात कौन्सिलच्या वकिलानं विचारलं,
"आधार देणं म्हणजे नेमकं काय?"
सेंगा म्हणाली, "तुम्ही जमिनीवर निजा.
अंग सैल सोडा. मग दाखवते."
तो निजला नाही.
अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ.
माझी टिपणवही मागवली होती पुराव्यासाठी.
मी वाचलं: उचलत नाही हो, आधार देते.
वाचताना आवाज माझा होता,
त्यामुळे म्हणणारीही मीच वाटले.

सात वर्षं लागली.
तोवर मिस्टर ड्रायझडेल गेले, ह्यूईचा बोनस गेला,
दोघं महिनाभर अबोला धरून एकाच टेबलावर जेवली.
सेंगाचा चेक आला; वकिलाचा वाटा वजा,
कर वजा, सात वर्षांची महागाई कोणी धरलीच नाही.
तिनं गुडघ्याचं ऑपरेशन केलं. खाजगीत.

तिच्या जागी आता कंपनीच्या मुली येतात.
निळा अंगरखा, फोनवर वेळापत्रक,
दोन घरांमधल्या चालण्याचे पैसे नाहीत.
त्यांच्यासाठी कायदा विचारतो:
तुमच्या मालकाकडे तुलनेला पुरुष कोण?
डबेवाले कौन्सिलचे, ह्या कंपनीच्या.
तुलनेला कोणीच नाही.

परवा जुने कागद फाडायच्या यंत्रात घालताना
माझ्या कामाचा तक्ता सापडला.
टंकलेखिका. एकाग्रता: गुण दोन.
तोही मीच टाइप केला होता,
एकही चूक न करता.